रंगूची हाळी

आटपाडीकडच्या माळावर रंगूला सगळे हट्टी म्हणत. हट्टी कसली, हातात कधी काही पडलंच नव्हतं, म्हणून पडेल ते घट्ट धरायची सवय लागलेली. आईबाप साथीत गेले तेव्हा ती सहा वर्षांची. चुलता हरिबा चारचौघांत सांगायचा की पोरीला मी सांभाळलं. खरं तर बारा वर्षं तिनंच त्याची मेंढरं सांभाळली, आणि त्याबद्दल तिला शिळी भाकरी अन् चुलतीची विरलेली लुगडी मिळाली.

उन्हाळा लागला की माळावरचे धनगर मेंढरं घेऊन वाळव्याकडं, कृष्णाकाठाला उतरत. खतासाठी शेतकरी रानात मेंढरं बसवून घेत आणि बदल्यात मेंढक्यांना जोंधळा देत. यात एक जुनी रीत होती. ज्याचा जोंधळा खाल्ला, त्याच्या घरच्या कार्याला पाठ दाखवायची नाही. पार हरिबासारखा माणूसही ती पाळायचा.

हरिबाची मेंढरं दरसाल मनुबाईच्या रानात बसत. मनुबाई विधवा, पोटी मूल नाही. आठ एकर बागायत तिच्या बापानं तिच्याच नावावर करून दिलेली. एका वर्षी तिला ताप चढला. गाठीचा ताप, म्हणजे प्लेग असेल या भीतीनं पुतण्या दादासो बायकापोरांसह गावाबाहेर पळाला. रंगू मात्र राहिली. तिनं म्हातारीला आंबील पाजली, अंग पुसलं. म्हातारी उठून बसली, पुढं दोन वर्षं जगली, आणि पंचेचाळीस साली गेली तेव्हा रान रंगूच्या नावावर लिहून गेली. दादासो साताऱ्याच्या कोर्टात गेला आणि हात हलवत परत आला.

आता हरिबाला पुतणीची माया दाटून आली. रंगूचं मन सिद्धूवर होतं. सिद्धू दुसऱ्याच्या मेंढरांवर चाकरीला, अंगावरच्या घोंगडीशिवाय स्वतःचं काही नाही. पण त्यानं लोकर कातायला बाभळीची चाती कोरून दिली होती, आणि रंगूला आयुष्यात कुणी दिलेली ती पहिली नवी वस्तू. हरिबानं पंच बसवले. रान चुलत्याच्या नावावर कर, मग खुशाल सिद्धूशी लग्न लाव. नाहीतर अक्षता टाकायला एक माणूस येणार नाही आणि सिद्धूचं घरही वाळीत पडेल, असा निवाडा झाला.

सिद्धू गळाठला. म्हणाला, "सोड ते रान. आपुन मेंढरं राखून खाऊ."

"रान बी सोडनार न्हाई," रंगू म्हणाली, "आन तुला बी."

ती एकटीच रानातल्या छपरात येऊन राहिली. मोट हाकली, जोंधळा काढला, सरी सोडली. वर्षभर माळावरून कुणी फिरकलं नाही. सिद्धूसुद्धा नाही. त्याचा तिला राग आला, रडूही आलं, पण लोकर कातायची तिनं थांबवली नाही. त्या लोकरीची घोंगडी विणून घेतली, चांगली दोघं बसतील एवढी.

पुढच्या चैत्रात माळ करपला आणि धनगर खाली उतरले. कोर्टात जिरल्याचा राग दादासोनं त्यांच्यावर काढला. धनगराला रानात घ्यायचं नाही, असं त्यानं गावात पक्कं केलं. भर दुपारी चार कळप तहानेनं माना टाकून रंगूच्या बांधाशी उभे राहिले. पंच होते, सिद्धू होता, सगळ्यात मागं हरिबा.

रंगूनं पाटाला पाणी सोडलं. म्हणाली, बसवा मेंढरं, जोंधळा मी देते, आणि उद्या याच रानात माझं लग्न हाय.

पंचांनी एकमेकांकडं पाहिलं. रीत सगळ्यांनाच ठाऊक होती. एकेक कळप मुकाट आत शिरला. एकट्या हरिबानं काठी उगारली.

"फिरवा आपली मेंढरं. पोरीच्या दारात हरिबा बसनार न्हाई."

त्याचा कळप वळला, धुरळा उडवत चालू लागला. रंगू बांधावर चढली, तोंडाला हात लावला आणि बारा वर्षं रोज द्यायची तीच हाळी दिली. पुढं चाललेली भोरी थबकली. म्हातारी मेंढी ती, रंगूच्या हातचा पाला खाऊन मोठी झालेली. तिनं कान टवकारले आणि माघारी फिरली. तिच्यामागं अख्खा कळप फिरला, हरिबाच्या काठीला न जुमानता, त्याच्या दोन्ही बाजूंनी. हरिबा रस्त्यात एकटा उभा राहिला. अखेर मेंढरांमागं त्यालाही यावं लागलं.

रंगूनं त्याच्या धोतराच्या ओच्यात जोंधळा ओतला.

"तात्या, पोटभर जेवा. उपाशी मानसाच्या अक्षता मला नगंत."

दुसऱ्या दिवशी दोघं नव्या घोंगडीवर बसली. सिद्धूची मान खाली होती. वर्षभर न आल्याबद्दल रंगूनं त्याला आधीच धारेवर धरलं होतं. हरिबानं तोंड फिरवून अक्षता टाकल्या. बहुतेक मेंढरांवरच पडल्या, पण टाकल्या.

पाऊसकाळाआधी कळप माळाकडं निघाले, तेव्हा भोरी काही केल्या बांध ओलांडीना. हरिबानं ओढली, दामटली, शेवटी शिव्या देत तिथंच सोडली. चुलत्याकडून रंगूला मिळालं ते एवढंच.