चढावर कोणी उतरलं नाही

मिस्त्री इंजिन दातांनी ऐकायचे. हातभर बांबूच्या काठीचं एक टोक चालू इंजिनावर टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटून घ्यायचे. आजूबाजूला कोणी बोललं की एक बोट वर जायचं. मग काठी काढून म्हणायचे, "सांगून राह्यलंय ते. आपणच ऐकत न्हाई."

माणसांशी त्यांचं बोलणं बेताचंच. तुम्हीही असा एखादा कारागीर पाहिला असेल, ज्याला रामराम केला तर तो आधी आपल्या सायकलच्या चाकाकडे बघतो. जालन्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ते इंजिनावर होते. धनगराच्या घरातले, टेंभुर्णीच्या अलीकडच्या एका वाडीचे. भट्टीत कोळसा टाकायला म्हणून लागले आणि बघत बघत फिटर झाले. मेंढरं राखणाऱ्या वडिलांना ते पटलं नव्हतं. "जित्राब सोडून लोखंडामागं गेला," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

मी तेव्हा जालना-टेंभुर्णी मोटारीवर ड्रायव्हर होतो. मूळची ती चार सिलिंडरची साधी गाडी; मालकांनी मागे बाकडी ठोकून नऊ माणसांची केली होती. दुसरी मोठी लढाई लागली, पेट्रोल मिळेना, तेव्हा निजामाच्या राज्यातल्या बऱ्याच मोटारींसारखी आमचीही कोळशाच्या गॅसवर आली. पाठीमागे भट्टी बांधायची, कोळसा धुमसत ठेवायचा आणि त्याचा गॅस गाळून इंजिनात घ्यायचा. गाडी चालायची, पण तिच्यातला निम्मा जीव गेला होता.

वाटेत एक लांब चढ होता. त्याच्या पायथ्याशी मी नुसता ब्रेक लावायचो. न सांगता सगळे उतरायचे आणि ढकलायला लागायचे. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या बाया मागून पायी यायच्या. लोक मोटारीला 'ढकलगाडी' म्हणू लागले. शेवटी मालकांनी ती विकायचं ठरवलं. ती गेली असती तर माझं कामही गेलं असतं.

म्हणून मी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी काठी लावून ऐकलं.

"हिला गॅस पचंना," ते म्हणाले. "आमच्या जिनचं इंजन पण कोळशाच्या गॅसवरच चालतं. ते गॅस लई दाबतं, मंग पेटवतं. हिचे पिस्टन पेट्रोलच्या हिशोबानं केलेले. दाब कमी पडून राह्यला. पिस्टनचं डोकं उंच पाह्यजे."

"तसे पिस्टन मिळतील कुठं?"

"मिळायचे न्हाईत. करावं लागतील."

मालकांना हे पटवताना माझ्या तोंडाला फेस आला. "जिनमधला माणूस माझी मोटार खोलणार?" असं तीनदा विचारून त्यांनी पंधरा दिवस दिले.

ते पंधरा दिवस मी जवळून पाहिले. भंगारातले मोडके पिस्टन ओताऱ्याकडे नेऊन मिस्त्रींनी त्यांचा रस केला आणि नवे, उंच डोक्याचे ओतून घेतले. पहिले दोन भोकं पडून वाया गेले. उरलेले जिनच्या खरादावर, म्हणजे लेथवर, फिरवून मापात आणले. चारही एका वजनाचे हवेत म्हणून सोनाराच्या तराजूत टाकले. सोनार म्हणाला, "मिस्त्री, हे कोणाच्या गळ्यात घालायचं?" ते हसले नाहीत, कारण काटा हलत होता. पिस्टन वरच्या झाकणाला आपटतो की काय, हे बघायला त्यांनी घरून कणकेचा गोळा आणला, पिस्टनवर थापला, झाकण लावून इंजिन हाताने फिरवलं आणि परत खोललं. कणीक किती दबली ते काडीने मोजलं. "जागा हाय," म्हणाले.

मोटार सुरू झाली तेव्हा तिचा आवाजच बदलला होता. मी खूश. पण तिसऱ्याच दिवशी जालन्याबाहेर चार मैलांवर इंजिन कचकन थांबलं. पिस्टन जाम. प्रवासी उन्हात उभे. निरोप मिळताच मालक टांग्यातून आले आणि सगळ्यांसमोर माझ्यावर तुटून पडले. "जोरात पळवली असशील! उद्यापासून येऊ नको!"

पाठोपाठ सायकलवरून मिस्त्री पोचले. त्यांनी इंजिनाला हात लावून पाहिला आणि मालकांसमोर उभे राहिले.

"डायवरला काही बोलू नका. पिस्टन तापून फुगले. मी बाजूची जागा कमी ठेवल्ती. चूक माझी हाय."

आपली चूक अशी भर रस्त्यात सांगणारा माणूस मालकांना कधी भेटला नसावा. मलाही नाही.

"चार दिवस द्या," मिस्त्री म्हणाले.

"आणि परत बंद पडली तर?"

"मंग मी एकटा ढकलत जालन्याला आणतो."

चार दिवसांनी, पिस्टन खरादावर किंचित बारीक करून, मिस्त्री स्वतः मोटारीत बसले. त्यांचे वडील बाजाराला आलेले. त्यांना माझ्याशेजारी बसवलं. म्हातारा घोंगडी मांडीवर धरून बसला होता. चढाचा पायथा आला. सवयीने बाकडी करकरली, लोक उठू लागले.

"कोणी उतरायचं न्हाई," मागून मिस्त्रींचा आवाज आला. "बसा बराबर."

मी गिअर उतरवला. मोटार गुरगुरली, दबली, आणि चढू लागली. निम्म्यावर आलो तेव्हा सगळे बाकड्यांच्या कडा धरून बसले होते. वळण गेलं, वडाचं झाड गेलं, आणि एकाएकी समोर सपाट रस्ता दिसला. मागे एक बाई टाळ्या वाजवून हसली आणि मग सगळेच हसू लागले.

वर मी गाडी थांबवली. म्हातारा खाली उतरून चढाकडे बघत राहिला.

"हयातभर इथून पायी गेलो. बसून आज आलो." मग लेकाकडे वळून, "हे तू केलं का रे?"

"हा, बा."

"बराबर केलं."

मिस्त्रींनी खिशातून फडकं काढलं आणि स्वच्छ असलेले हात बराच वेळ पुसले.

मोटार विकली गेली नाही. अंबड आणि बदनापूरचे ड्रायव्हर आपापल्या गाड्या घेऊन मिस्त्रींकडे येऊ लागले. लढाई संपून पेट्रोल मिळू लागलं तेव्हा त्यांनीच ते पिस्टन काढून जुने बसवले. मला वाईट वाटलं. ते म्हणाले, "पेट्रोलवर दाब लई होऊन इंजन ठोकंल. त्यांचं काम झालं." आणि चारही परत ओताऱ्याला देऊन टाकले.

त्याच्या दुसऱ्या वर्षी पाच दिवसांच्या तापाने मिस्त्री गेले. पंचेचाळिशीही झाली नव्हती. दहाव्याला मी त्यांच्या वाडीला गेलो, तर खळ्यात आधीच तीन मोटारी उभ्या होत्या. कोणी कोणाला कळवलं नव्हतं. आमची चौथी.

म्हातारा बाहेर आला. "ह्यातल्या कोणच्या मोटारीला त्याचा हात लागल्ता?" त्याने मला विचारलं.

"सगळ्यांना, बाबा," मी म्हणालो.

तो पहिल्या मोटारीपाशी गेला, तिच्यावर हात ठेवून थोडा थांबला आणि मग दुसरीकडे वळला. आम्ही चौघे ड्रायव्हर टोप्या काढून उभे राहिलो. त्याचा चारही मोटारींना हात लावून होईपर्यंत कोणी हललं नाही.