कोरड्या हापशाचा आवाज

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय—का, ते मलाही नीट कळत नाही. सांगून आता काही उपयोगही नाही.

माझ्या नाशिकच्या घरात एक जुना सिंथेसायझर आहे, आमच्या हौशी नाटक मंडळींचा. मी त्यावर पार्श्वसंगीत वाजवायचो आणि दिंडोरीचा सुधाकर त्यातूनच नाटकाला लागणारे आवाज तयार करायचा—वारा, मोटार, दाराची कडी. कागदावर कधी काही लिहून ठेवायचा नाही. डोळे मिटून नॉब फिरवत बसायचा आणि जमलं की यंत्राच्या मेमरीत साठवायचा, बस्स.

एका नाटकासाठी त्याने कोरड्या हापशाचा आवाज केला. दांडा करकरतो, आत हवा गुरगुरते—आणि पाणी येत नाही. पहिल्या प्रयोगाला तो आवाज आला तेव्हा थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. नंतर आत भेटायला आलेला प्रत्येकजण हापशाबद्दलच बोलत होता. माझ्या संगीताबद्दल? एक अक्षर नाही. मी हसत होतो, सुधाकरच्या पाठीवर थाप मारत होतो आणि आतून जळत होतो.

त्या यंत्राची मेमरी आतल्या एका छोट्या बॅटरीवर टिकते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागचे स्क्रू काढले, बॅटरी काढली, जरा वेळाने परत बसवली. सगळं साफ. माझे स्वतःचे आवाजही गेले—मग संशय कोणाला येणार? सुधाकरला सांगितलं, बॅटरी संपली. तर तोच माझी माफी मागायला लागला. "माझंच चुकलं. लय दिवस बदलायची म्हणत होतो." आणि मी—मी त्याला मोठ्या मनाने माफ केलं!

पण मला सांगायचंय ते हे नाही. हे त्यातल्या त्यात बरं आहे.

पुढे दोन वर्षं तो दर रविवारी दिंडोरीहून यायचा, तो आवाज पुन्हा शोधायला. नॉब फिरवायचा, माझ्याकडे बघायचा—"हा का रे?" नसायचा. मी खरंच तसं सांगायचो. आणि एका रविवारी आवाज सापडला. तोच. हुबेहूब. सुधाकर माझ्याकडे बघत होता. काय म्हणायचं होतं मला? फक्त 'हो'.

"नाही रे, तसा नव्हता," मी म्हणालो.

तो तोंड धुवायला मोरीत गेला. तेवढ्यात मी सगळ्या नॉबच्या जागा एका कागदावर उतरवल्या आणि मग सगळे नॉब शून्यावर आणले. कागद का ठेवला? माहीत नाही. बाहेर येऊन तो म्हणाला, "माझ्यानं नाय व्हायचं आता." त्यानंतर त्याने एकाही नाटकाचे आवाज केले नाहीत.

गेल्या महिन्यात यंत्र गाडीत घालून मी त्याच्या घरी गेलो, सगळं सांगायचं ठरवूनच. आता त्याला नीट ऐकू येत नाही, कानात मशीन असतं. आधी आवाज ऐकवू, मग बोलू—असं म्हणून मी कागद बघून नॉब लावले. खोलीत हापसा करकरला. तोच, कोरडा. "सापडला बघ," मी मोठ्याने म्हणालो. त्याने मान तिरकी करून बराच वेळ ऐकलं. मग माझ्या हातावर थोपटलं.

"नाय रे, तसा नव्हता. पण तू लय केलं माझ्यासाठी."

मी कागद खिशात घातला आणि त्याच्या बायकोने आणलेला चहा प्यायलो.