निळी राहिलेली बाटली

मैलापाण्याच्या केंद्रात नोकरी लागली तेव्हा मी घरी सांगितलं, "पाण्याच्या खात्यात लागले." खोटं नव्हतं ते, मैला हा शब्द तेवढा गाळला होता. केंद्र सोलापूरच्या बाहेर, माळावर. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक मायक्रोस्कोप आणि मी. कामगार लांब टाक्यांवर असत आणि साहेब आलेच तर नाकाला रुमाल लावून येत.

माझं काम बाटल्यांचं. शुद्ध करून सोडलेलं पाणी बाटलीत भरायचं, त्यात निळ्या रंगाचे थेंब टाकायचे आणि बूच घट्ट लावून बाटली ठेवून द्यायची. पाण्यात घाण उरली असेल तर तिच्यावर जगणारे जंतू आतला प्राणवायू संपवतात आणि निळा रंग उडतो. रंग टिकला तर पाणी चांगलं. पण यात एक गोम होती. एखाद्या डाईंगमधून, म्हणजे सूत रंगवण्याच्या कारखान्यातून, ब्लीचिंगचं पाणी आलं की जंतूच मरत. मग बाटली निळीशार दिसे आणि पाणी मात्र विषारी. म्हणून निळ्या बाटलीवर माझा लवकर विश्वास बसत नसे. तिच्यात थोडं ताजं, जिवंत मैलापाणी घालून मी ती पुन्हा ठेवी. आता रंग उडाला तर बरं, म्हणजे आत जगता येतंय. तरीही निळीच राहिली तर आत सगळं मेलेलं.

माझी खोली एका विणकराच्या घरात होती. घरमालकीण तेलुगू बोलणारी, स्वभावानं वाईट नव्हती. पण मी कामावरून आले की ती आधी मोरीकडे बोट दाखवी, आणि माझ्या हातचं काही घेत नसे. बसमध्ये शेजारची बाई हळूच पलीकडे सरके. मी साबण बदलून पाहिला, अत्तरही लावून पाहिलं. मला फार एकटं वाटे. मायक्रोस्कोपखालच्या जिवांना मी विचारी, "काय, जेवलात का?" आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

घरी पत्र मात्र 'मजेत आहे' असंच जाई. एकटी आहे म्हटलं असतं तर आईनं लगेच स्थळं बघायला घेतली असती आणि नोकरी सुटली असती. ती मला सोडायची नव्हती.

आबा, म्हणजे माझे वडील, अकलूजला डेअरीत दूध तपासत. एका दुपारी न कळवता ते केंद्रावर आले. हातात डबा होता. नाक त्यांनी धरलं नाही. "शेणामुतातल्या माणसाला कसला आलाय वास," म्हणाले.

मी हौसेनं बाटल्या दाखवल्या. आबा खूश झाले. "दूध तपासाया आमी बी हीच निळी टाकतो की!" मग मी त्यांना ती गोम सांगितली. ते बराच वेळ एका निळ्या बाटलीकडे बघत राहिले.

"तू बरी हाईस न्हवं?"

"एकदम मजेत, आबा."

"माणसं?"

"सगळी चांगली आहेत."

त्यांनी डबा पुढे सरकवला. "आईनं खरवस दिलाय. लई हाय. वाट सगळ्यांना."

"वाटते की."

"कुणाकुणाला देशील?"

मोजायला म्हणून मी अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला. घरमालकीण घेणार नव्हती. दुसरं कोणी आठवेना. अंगठा तिथंच राहिला, आणि मला रडू कोसळलं. हुंदके आवरेनात. किती दिवसांचं साठलं होतं कोण जाणे.

आबांनी मला गप्प केलं नाही.

"उडाला एकदाचा रंग," ते म्हणाले. "मला लई भ्या वाटत हुतं, पोरी."

आता म्हणतील, बांध बोचकं, चल घरी. मी डोळे पुसून नोकरीसाठी भांडायच्या तयारीत बसले. पण आबांनी हात धुतले, स्टूल ओढून ते माझ्यासमोर बसले, डब्याचं झाकण काढलं आणि हात पुढे केला.

"पैला मला दे," म्हणाले. "मग दुसरं कोण हाय ते हुडकू."