मिश्रीने थांबवलेलं रक्त

मला बघायला आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "पोरी, जरा हस बघू." मी हसले आणि लग्न ठरलं. रंग काळा, उंची बेताची, शाळा सातवीपर्यंत. पण समोरचे दात असे सरळ की कुणीही वळून बघावं. दाखवण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं. आणि तेच मी एका बोटाने घालवलं.

ते बोट मिश्रीचं. आमच्या गावाकडे सगळ्या बायका सकाळी चुलीपुढे बसून भाजलेल्या तंबाखूची पूड हिरड्यांना चोळायच्या. मी आईच्या डबीतूनच शिकले. कोपरखैरण्याच्या घरात आले तीही डबी घेऊनच. तव्यावर तंबाखू भाजली की जिन्यात वरपासून खालपर्यंत सगळी बिल्डिंग शिंकायची. शेजारीण विचारायची, "कुणी मिरच्या भाजतंय का हो?" मी साळसूदपणे म्हणायची, "काय की बाई."

चाळिशीला टेकले तसं थंड पाणी हिरड्यांना झोंबायला लागलं. पेरू चावला की डोळ्यांत पाणी. शेवटी ह्यांनी वाशीला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"काकू, मिश्री लावता?"

"छे हो!"

"बोट दाखवा."

बोट तपकिरी. हे छताकडे बघत बसले.

"आजपासून ती बंद," बाई म्हणाल्या. "मऊ ब्रश घ्या. हिरडीच्या कडेने हळूहळू घासायचं, सकाळी आणि झोपताना." पुढे त्या म्हणाल्या होत्या की सुरुवातीला रक्त येईल, घाबरू नका, पंधरा दिवसांनी दात साफ करायला या. पण मी तेव्हा बोट पदरात लपवण्यात गुंतले होते. मी ऐकलंच असेल असं समजून ह्यांनी ते मला फार नंतर सांगितलं.

मिश्री सोडली. डोकं ठणकायचं, भांडी आपटायची. आणि ब्रश केला की बेसिनमध्ये लालभडक फेस. हे दारात उभे राहून म्हणाले, "अगं, दात घासतेयस का कोंबडी कापतेयस?" मी एवढी हसले की हनुवटीवर रक्त ओघळलं.

पाचव्या दिवशी भीतीने पुन्हा डबी उघडली. दोन दिवसांत रक्त बंद! मी ह्यांना म्हटलं, "बघा, काय शिकल्या तुमच्या डॉक्टरीणबाई?"

"तूच दवाखाना काढ. पाटी मी रंगवतो."

ती पाटी डोळ्यांपुढे आणत मी दोन वर्षं मजेत मिश्री लावली. एका दुपारी ज्वारीच्या भाकरीचा तुकडा तोडताना समोरचा दात हलला. शेजारचाही. रक्ताचा मात्र टिपूस नाही.

त्याच बाईंकडे गेलो. त्यांनी दात हलवून बघितले आणि हातातला आरसा खाली ठेवला.

"मिश्रीने रक्त दबतं हो, रोग दबत नाही. हिरडी तुम्हाला सांगत होती, तुम्ही तिचं तोंड बंद केलंत. आतलं हाड गेलंय."

"हे दोन..."

"बाकीचे वाचवू आपण."

बाकीचे वाचले. डबी कचऱ्यात गेली, बाईंनी दात साफ करून दिले, मी सांगितल्यासारखं हळू घासू लागले. तीनेक आठवडे रक्त आलं, मग खरंच थांबलं. एवढं सोपं होतं ते. समोरचे दोन मात्र गेले. नकली बसवले, ते बोलताना खाली उतरतात. म्हणून मी हसताना पदर तोंडाशी नेते. एवढ्या वर्षांनंतर स्वतःच्या नवऱ्यापुढेसुद्धा.

हे पूर्वी कामावरून आले की चपला काढतानाच काहीतरी बोलायचे. आता मुकाट चहा पितात, पेपर उघडतात. परवा न राहवून म्हटलं, "अहो, काहीतरी बोला की पूर्वीसारखं."

ह्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नको गं. तू हसशील."