मॅलकी कॉन्सिडाइनचे शनिवार

मॅलकी कॉन्सिडाइन मॅलो स्ट्रीटवरच्या आमच्या घरात राहायला आला तो एका सुटकेसनिशी. घर तसं ऐसपैस, कधीकाळच्या श्रीमंतांनी बांधलेलं, पण आमच्या वेळेपर्यंत त्याच्या सुट्या खोल्या करून त्या भाड्याने दिल्या होत्या. तळमजल्यावर मी कपडे शिवून, उसवून, बेतून द्यायची. मॅलकीला मिळाली सगळ्यात वरची खोली. भिंतीला ओल, संडास एक मजला खाली, तोही तीन बिऱ्हाडांत मिळून. बेकरीची व्हॅन चालवायचा तो. पहाटे निघून अर्ध्या लिमरिक शहराला पाव पोचवायचा आणि दुपारी जिना चढायचा तो असा दबकत, की कुणाच्या घरी न बोलावता आलाय असं वाटावं.

बायकोशी त्याचं कडाक्याचं भांडण असं झालंच नव्हतं. डिंफना तोंडाची फटकळ आणि हा मुखदुर्बळ. बोलणं कमी कमी होत गेलं आणि एक दिवस संपलं. कॉर्बलीचं घर तिच्याकडे आणि मुलांकडे राहिलं, हा बाहेर पडला. मुलं दोन, रोशीन नऊ वर्षांची आणि किलियन सहाचा. शनिवार मॅलकीचा, असं ठरलं. सकाळी मुलांना घ्यायचं, संध्याकाळच्या जेवणाच्या आत परत सोडायचं.

आता दोन लहान मुलांना घेऊन अख्खा दिवस काढायचा कुठे? खिसा हलका, आणि लिमरिकच्या आभाळाचा तर कुणीच कधी भरवसा धरत नाही. शुक्रवारी संध्याकाळी तो माझ्याकडे यायचा. मी कुणाच्या तरी पँटची शिवण उसवत बसलेली असायचे, आणि हा खुर्चीच्या टोकावर बसून बेत मांडायचा.

"उद्या कोरडं राहिलं तर वेस्टफील्ड्सच्या पाणथळीवर बगळे बघायला नेतो. रिपरिप असली तर कॅथीड्रल. धो धो लागला तर म्युझियम. पण म्युझियमवाल्यांनी आता आम्हाला ओळखायला सुरुवात केलीय, बाई. मग स्टेशन."

"स्टेशनात काय ठेवलंय बघायला?"

"माणसं. कोण कुठे निघालंय ते ओळखायचं. रोशीन पटाईत आहे त्यात. परवा एका पाद्रीबाबांकडे बोट दाखवून म्हणाली, हे बँक लुटून चाललेत, बॅग बघा किती घट्ट धरलीय."

असा हसायचा तेव्हा तो निराळाच माणूस दिसायचा. गावात काहीही विकत न घेता उबेला कुठे बसता येतं, पोरांना लघवीला कुठे नेता येतं, कुठला पहारेकरी दुर्लक्ष करतो, सगळं त्याला तोंडपाठ. कॅथीड्रलमधल्या जुन्या बाकांखाली लाकडात कोरलेले प्राणी आहेत, त्या प्रत्येकाला मुलांनी नाव ठेवलं होतं. एका शिंगवाल्या बोकडाचं नाव डिंफनाच्या आईवरून होतं. हॅमची सँडविचं आणि थर्मासमधला चहा घेऊन तिघं नदीकाठी बसायची आणि उरलेल्या कडा हंसांना टाकायची.

पण मुलांना सगळ्यात जास्त आवडायचं ते विल्यम स्ट्रीटवरचं एक फर्निचरचं दुकान. वरच्या मजल्यावर दुकानदाराने खोल्या सजवून ठेवल्या होत्या, सोफा, दिवा, गालिचा, खोटी शेगडी. मॅलकी गिऱ्हाईक असल्यासारखा किमतींच्या चिठ्ठ्या वाचत फिरायचा, आणि रोशीन एका सोफ्यावर भावाला बसवून घर-घर खेळायची. नसलेल्या किटलीतून चहा ओतायची, आणि मग बापाला हाक मारायची, "डॅडी, बूट पुसून ये आत. चहा गार होतोय."

काही शनिवार हे चाललं. मग एकदा तिथला विक्रेता अदबीने जवळ येऊन म्हणाला, "साहेब, सोफा घ्यायचा ठरला की सांगा. तोवर मुलांना बाहेर खेळू द्या." मॅलकीने मुलांचे कोट चढवले आणि निघाला. मला सांगताना त्याने त्या माणसाला एका शब्दाने नावं ठेवली नाहीत. "त्याचंही बरोबर आहे," एवढंच म्हणाला.

मी म्हटलं, "अरे, इकडे आण ना त्यांना. माझ्या खोलीत शेगडी असते. तुझ्या खोलीत खेळतील, भूक लागली की खाली येतील."

त्याने मान हलवली. "हा जिना चढवून? तो ओलीचा वास? नाही बाई. डॅडीचं घर म्हटलं की त्यांना आयुष्यभर ही खोली आठवेल. नगरपालिकेच्या घरासाठी नाव घातलंय मी. घर मिळू दे, मग नेतो."

"आणि तोवर?"

"तोवर गाव आहे की एवढं मोठं."

मुलं विचारायचीच, तू राहतोस कुठे म्हणून. पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, घराला रंग देणं चाललंय. मग तेच धरून ठेवावं लागलं. दोन वर्षं झाली तरी रंग चाललेलाच. किलियन एकदा म्हणाला, "किंग जॉनचा किल्ला घेतलायस का रे डॅडी? एवढा रंग लागतो?" मॅलकी हे मला गंमत म्हणून सांगायला आला, पण सांगून झाल्यावर बराच वेळ उठला नाही.

फेब्रुवारीतला एक शनिवार असा उगवला की नदीवरून वारा आणि पाऊस दोन्ही आडवे येत होते. दुपारी मी खिडकीशी शिवत होते. समोरच्या फुटपाथवरून तिघं येताना दिसली. म्युझियमला काही कार्यक्रम होता म्हणून ते बंद, लायब्ररीत किलियन सारखा खोकायला लागला म्हणून लोक वळून बघायला लागले, तेव्हा हा मुलांना घेऊन स्टेशनाकडे निघाला होता. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की पोराला त्याने कडेवर घेतलंय आणि पोराची मान त्याच्या खांद्यावर पडलीय.

मी दार उघडून हाक मारली. "मॅलकी, आत ये. मूल आजारी दिसतंय."

तो रस्त्याच्या पलीकडेच थांबला. टोपीला हात लावला. "आम्हाला आगगाडी बघायला जायचंय, मिसेस हार्टिगन," असं म्हणाला, जणू आमची नुसती तोंडओळख. रोशीन माझ्याकडे टक लावून बघत होती. "या कोण?" तिने विचारलं. "पाव घेतात आपल्याकडून," तो म्हणाला आणि चालू लागला.

त्याच्या खोलीत अंथरूण होतं, माझ्याकडे विस्तव होता. तरी त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत स्टेशनातल्या बाकावर मुलाला कोटात गुंडाळून बसला. परत सोडायला गेला तेव्हा पोराचं अंग भाजत होतं. रात्रीतून किलियनला हॉस्पिटलात न्यावं लागलं. न्यूमोनिया.

डिंफना हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्याला म्हणाली, "घर नाही का तुला? एक अंथरूण नव्हतं पोराला निजवायला?"

खोली आहे म्हणावं तर नेलं का नाही ते सांगावं लागलं असतं. डिंफनाला वाटलं, हा बेफिकीर आहे. तिच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

किलियन बरा झाला. पण पुढचे शनिवार आटले. हिवाळ्यात मुलं नकोत, असं डिंफनाने सांगितलं. उन्हाळ्यात मुलं यायची, पण मग किलियनच्या हर्लिंगच्या, म्हणजे आमच्याकडच्या काठी-चेंडूच्या खेळाच्या, मॅचेस सुरू झाल्या आणि रोशीनला मैत्रिणी मिळाल्या. मॅलकी मॅचला जायचा, मैदानाच्या कडेला उभा राहायचा. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला हंसांना पाव टाकायला चल म्हणणं त्यालाही जड जायला लागलं. शुक्रवारी तो माझ्याकडे यायचा तो नुसताच बसायला. बेत नसायचा.

नगरपालिकेचं घर मिळालं ते गॅरीओवेनला, छान उजेडाचं, दोन निजायच्या खोल्यांचं. तोवर रोशीन मँचेस्टरला नर्सिंग शिकायला गेली होती आणि किलियन इलेक्ट्रिशियन होऊन ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर होता. तरी मॅलकीने दुसऱ्या खोलीत दोन पलंग टाकले. मी म्हटलं, "एकावर कपड्यांची चळत तरी ठेव." पण त्याने चादरी घालून ठेवल्या. किलियन जाण्याआधी एकदा आला, तासभर बसला, चहा पिऊन निघाला. राहिला नाही.

गेल्या उन्हाळ्यात रोशीन आली, तिच्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन. आता चाळिशीला टेकलेली बाई. त्या गॅरीओवेनच्या पलंगांवर पहिल्यांदा कुणीतरी निजलं. एका दुपारी ती बापाला म्हणाली, "आम्ही लहान होतो तेव्हा तू नक्की कुठे राहायचास? आता तरी सांग."

तो तिला मॅलो स्ट्रीटवर घेऊन आला. घराची आता डागडुजी चालू आहे, वरचे मजले रिकामे, मी एकटीच खाली उरलेय, तीही काही महिन्यांपुरती. रोशीनने मला बघितलं आणि जरा थांबली. "तुम्ही त्या पाववाल्या बाई," ती म्हणाली. एवढ्या वर्षांनी.

मी किल्ली दिली. ती वर जाऊन आली. तिची लेक जिन्याच्या कठड्यावरून घसरत, ओरडत खाली आली, पुन्हा वर पळाली, पुन्हा घसरली. रोशीन मात्र पायरीवरच बसली.

"एवढंच होतं?" तिने विचारलं.

"एवढंच," मॅलकी म्हणाला. "लाज वाटायची मला."

"डॅड, आम्हाला वाटायचं तुझं दुसरं कुटुंब आहे." ती हळूच बोलत होती, लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून. "मी आणि किलियनने ठरवून टाकलं होतं, त्या घरात दुसरी मुलं आहेत. चांगली मुलं. म्हणून आम्हाला नेत नाहीस. किलियन आजारी पडला तरी नेलं नाहीस, तेव्हा तर खात्रीच झाली. किलियन हॉस्पिटलात मला म्हणाला, त्यांना माझा खोकला लागू नये म्हणून असेल."

मॅलकीने कठड्याला धरलं. मी चहा ठेवायला आत गेले, कारण तिथे उभं राहणं बरं दिसेना. बऱ्याच वेळाने दोघं आत आली. रोशीनचे डोळे सुजलेले होते. मॅलकीचा चेहरा मात्र नुसता कोरा.

तिच्या सुट्टीचे उरलेले दिवस बरे गेले. तिनेच गाडी भाड्याने घेतली, बापाला समुद्रावर नेलं, सगळीकडची तिकिटं स्वतः काढली. ती मँचेस्टरला परतल्यावर मॅलकीने ऑस्ट्रेलियाला फोन लावला. माझ्याच घरून, कारण एकट्याने लावायचा त्याला धीर होईना. त्याने किलियनला सगळं सांगितलं, खोली, ओल, जिना, रंगाची थाप. सांगताना दोनदा अडखळला.

मग किलियनचा आवाज मलाही ऐकू आला. "ठीक आहे, डॅड. झालं ते झालं. इथे आता मुलांना शाळेत सोडायची वेळ झालीय. नंतर बोलू."

मॅलकीने फोन ठेवला.

"रागावला नाही," मी म्हटलं.

"रागावला असता तर बरं होतं," तो म्हणाला. "विचारलं असतं काहीतरी."

किलियनने नंतर फोन केला, नाताळच्या दिवशी, नेहमीसारखा. हवेचं बोलला, मुलांच्या शाळेचं बोलला. मॅलकीनेही तो विषय काढला नाही. त्याच्या छातीला आता एवढा लांबचा विमानप्रवास झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. किलियनच्या मुलांना त्याने फोटोतच पाहिलंय. थोरल्याचे कान अगदी किलियनसारखे आहेत, असं परवा मला म्हणाला, आणि फोटो जरा लांब धरून पुन्हा बघत बसला.