वाघाची बाजू घेणाऱ्या मावशी

“पण वाघ किती दिवस उपाशी थांबला, ते कोणी विचारलं का?”

बालवाडीच्या दाराशी चपला काढताना मला हे ऐकू आलं. आत लेकीकडे निघालेल्या म्हातारीची गोष्ट चालली होती आणि वीस मुलं वाघासाठी हळहळत होती. सांगत होत्या वाघमावशी. हे नाव मुलांनीच ठेवलेलं. त्यांचं काम खिचडी करण्याचं. पण डाळ शिजेपर्यंत त्या गोष्ट सांगत, आणि गोष्टीत ज्याची बाजू घ्यायची ठरलेली, त्याला सोडून भलत्याच्याच बाजूने सांगत.

वेवजीजवळच्या त्या आदिवासी पाड्यावर २०१६ साली मी वर्षभर शिकवायला होते. माझी स्वतःची शाळा सगळी डहाणूत, इंग्रजीतून; चारचौघांत मराठी बोलायचं म्हटलं की इंग्रजी शब्दच आधी तोंडात यायचे. मावशी म्हणायच्या, “ताई, तुम्ही नुसती मान डोलवा. गोष्टीला तेवढं पुरतं.”

कावळ्याचं घर पावसात वाहून गेलं की मावशी चिमणीला धारेवर धरत. “पिल्लू एवढंसं. त्याला किती वेळ अंघोळ घालते? सालपट निघेल त्याचं! आणि शेणाच्या घराला नावं कशाला? आपली भुई कशाने सारवलीय?” मग अख्खा वर्ग कावळ्याच्या पक्षात.

एकदा तपासणीला मॅडम आल्या. भिंतीवरच्या गोष्टीच्या तक्त्यातल्या म्हातारीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, “आजी कशी होती, मुलांनो?” उत्तर हवं होतं, हुशार.

“खोटारडी!” सगळे ओरडले.

एक मुलगी उठली. “जाडी होऊन येते, मग खा, असं बोलली ना वाघाला? मग भोपळ्यात लपली!”

पाड्याच्या वेशीवर शेंदूर लावलेला वाघदेव होता. त्याला दिलेला शब्द पाळायचा, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तक्ता छापणाऱ्याला नव्हतं.

“आम्ही आजीच्या वतीने माफी मागितली,” मुलगी पुढे म्हणाली. “देवापुढे खिचडी ठेवून.”

“मुलांची खिचडी देवापुढे?” मॅडम मावशींकडे वळल्या. “यापुढे तुम्ही फक्त चूल बघा. गोष्टी ताई सांगतील.”

कावळ्यासाठी तासभर भांडणाऱ्या मावशी स्वतःसाठी एक शब्द बोलल्या नाहीत. हातातला डाव पुसत राहिल्या.

मला साधा चहासुद्धा धड जमत नव्हता. तरी उभी राहिले.

“मॅडम, खिचडी मी करते. गोष्ट मावशीच सांगतील.”