काकांनी कमी केलेलं नाव

पूर्णेत एखाद्याला अठरा वर्षं पूर्ण झाली हे त्याच्या आईच्याही आधी कुणाला कळत असेल, तर ते माझ्या मावशीच्या यजमानांना. आम्ही त्यांना काका म्हणतो. रेल्वेच्या केबिनमध्ये सिग्नलचे दांडे ओढण्यात त्यांची सगळी नोकरी सरली आणि निवृत्तीनंतर रिकामं बसवेना म्हणून त्यांनी आमच्या प्रभागाची मतदार यादी हाती घेतली. त्यांना कुणी नेमलेलं नाही. कोण निवडून येतं याबद्दल त्यांना काडीची उत्सुकता नाही. नावं तेवढी बरोबर लागली पाहिजेत. कापडी पिशवीत तीन प्रकारचे फॉर्म घेऊन ते हिंडतात. सहा नंबर नवीन नावाचा, सात नाव कमी करण्याचा, आठ पत्ता बदलण्याचा. लग्नात अक्षता पडल्या की लोक पंगतीकडे वळतात, काका नवरीकडे. माझ्या बहिणीच्या पाठवणीत सगळे डोळे पुसत असताना त्यांनी तिच्यापुढे आठ नंबर धरला. "रडायचं तर हायेच पोरी," ते म्हणाले, "पन नाव इथंच ऱ्हायलं तर मत कुठं टाकशील?" तिने रडत रडत सही केली. सहीवर डोळ्यांतलं पाणी सांडून शाई पसरली, म्हणून काकांनी शांतपणे दुसरा फॉर्म काढला.

नगरपालिकेची निवडणूक लागली की त्यांच्या ओट्यावर शाळाच भरते. आमच्याकडे या निवडणुकीत एकाच माणसाला तीन मतं द्यायची असतात, दोन नगरसेवकांसाठी आणि एक नगराध्यक्षासाठी, आणि निम्मी जनता एक बटण दाबून समाधानाने घरी जायला निघते. त्यावर उपाय म्हणून काकांनी पुठ्ठ्यावर बाटल्यांची तीन झाकणं चिकटवली आहेत. बायकांना एकेक करून ती दाबायला लावायची, आणि तिसरं दाबलं की तोंडाने मतदान यंत्रासारखं लांबलचक "पीं" करायचं. "वाजल्याबिगर भाईर यायचं न्हाई," हा त्यांचा एकमेव प्रचार. भाजी घ्यायला निघालेल्या शेजारणीलाही ते आधी झाकणं दाबायला लावतात.

सगळ्यात अवघड प्रकरण सात नंबरचं. मेलेल्या माणसाचं नाव यादीत राहणं काकांना सहन होत नाही. पूर्वी ते तेराव्याच्या जेवणालाच फॉर्म घेऊन जात आणि पंगतीत भात वाढला जात असताना शेजारच्याला विचारत, "पूर्ण नाव काय होतं म्हनलात?" एकदा हे मावशीच्या कानावर पडलं. "जेवायला गेलात तर मुकाट जेवून यायचं," तिने बजावलं, "तिथं एक शब्द काढलात तर मी तुमच्यासंगं कुठं यायची न्हाई." काका केबिनमध्ये साहेबाला घाबरले नसतील इतके मावशीला घाबरतात. त्यांनी ऐकलं, आणि घोटाळा झाला तो तिथेच.

गावाच्या कडेला मेंढपाळांची वस्ती आहे. दिवाळीनंतर तिथली बरीच माणसं मेंढरं घेऊन पालमकडे निघून जातात. मावशीने बजावलं त्या वर्षी वस्तीतून तेराव्याचं आमंत्रण आलं, "म्हातारी गेली" एवढ्याच निरोपाचं. मांडव एका म्हातारीच्या अंगणात होता आणि म्हातारी कुठे दिसत नव्हती. काकांनी मुकाट जेवण केलं, कुणाला काही विचारलं नाही आणि घरी येऊन तिचा सात नंबर भरून टाकला. मेली होती तिची जाऊ, मागच्या खोलीत राहणारी. अंगण मोठं म्हणून मांडव इकडे घातला होता, आणि म्हातारी मेंढरांमागे होती. चौकशीला माणूस आला तेव्हा दाराला कुलूप होतं. दारावर लावलेली नोटीस बहुधा शेजारच्या शेळीने वाचली.

त्याच हंगामात निवडणूक लागली. मतदानाच्या सकाळी मी काकांच्या शेजारी ओट्यावर बसलो होतो. पालमच्या गाडीतून उतरून म्हातारी सरळ पुढ्यात येऊन उभी राहिली. "माझा लंबर सांगा जी," ती म्हणाली. "मेंढरं पोराच्या हवाली करून आलेय." काका पांढरे पडले. ते तिला शाळेतल्या केंद्रावर घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी नावावरची रेघ दाखवली आणि आज काही करता येणार नाही, असं हळू आवाजात सांगितलं.

"कुनी मारलं मला?" तिने बाहेर येऊन विचारलं.

"मीच," काका म्हणाले. "तुमच्या अंगनात जेवलो आन घरी जाऊन तुमचं नाव कमी केलं. लय मोठी गलती झाली."

ती पायरीवर बसली. ती म्हणाली, "मंग माझ्याच तेराव्याला जेवलात म्हना की. काय केल्तं?"

"बुंदी. वरन-भात."

"बरं झाल्तं का?"

काकांनी मान हलवली. मला हसू येत होतं, पण पुढे ती जे बोलली त्याने ते गेलं. "मला समदे अमक्याची आय म्हनून हाका मारतात," ती म्हणाली. "राशनचं कारड पोराचं, घर पोराचं. एक त्या मताच्या खोलीत तेवढा सायेब माझं नाव मोठ्यानं घेतोय. त्याच्यासाठी येत असते मी." मग तिने काकांची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि त्यांना रांगेत पाठवलं. "तुमचं तरी कशाला घालवता," म्हणाली. काका मत टाकून आले ते शाईचं बोट खिशात लपवून. मग तिची परतीची गाडी येईपर्यंत बस स्टँडच्या बाकावर त्यांनी तिचा सहा नंबर भरला. प्रत्येक रकाना तिला विचारून, दोनदा वाचून दाखवून. मला त्या दिवशी काकांची फार दया आली आणि थोडी लाजही वाटली, कारण तिचं नाव इतकी वर्षं मीही कधी विचारलं नव्हतं.

आता ती यादीत आहे. काका मात्र दर रविवारी तिच्या मुलाला फोन लावतात. मेंढरं कुठे, पाणी आहे का, असली चौकशी ते करत नाहीत. कचेरीतल्यासारख्या खणखणीत आवाजात विचारतात, "गयाबाई सटवाजी हायेत का?" पलीकडे वारं आणि मेंढरांचा गलका ऐकू येतो. मग लांबून तिचा आवाज येतो, "हाय म्हनावं." काका फोन ठेवतात आणि चहा मागतात. कधीतरी एखाद्या रविवारी पलीकडून फक्त मेंढरांचाच आवाज येईल, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. तेव्हाचा सात नंबर मी भरीन, असं मी काकांना अजून सांगितलेलं नाही.